होई आनमधलं घोट्याएवढं पाणी आणि सहलीचा सल्ला घ्यायची रीत

२०२३ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजन आटोपून आम्ही तिघं व्हिएतनामला निघालो. नवरा, मुलगा आणि मी. तिकिटं काढण्याआधी नवऱ्यानं ऑफिसातल्या एकाला विचारलं होतं, ‘नोव्हेंबर कसा काय?’ तो आदल्या वर्षी त्याच दिवसांत जाऊन आला होता. ‘एकदम मस्त हवा,’ म्हणाला. पुरावा म्हणून फोटो दाखवले, त्यात आकाश निळंभोर.

मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या गावात आम्ही उतरलो तेव्हा हॉटेलच्या बाईंनी पासपोर्ट मागायच्या आधी आमच्या बुटांकडे पाहिलं. नदीकाठच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं, दुसऱ्या दिवशी ते गुडघ्याला लागलं. गावकरी अजिबात घाबरलेले नव्हते. तिथल्या जुन्या घरांत माडीच्या जमिनीला चौकोनी झरोका ठेवलेला असतो. पूर आला की तळमजल्यावरचा माल त्यातून दोरीनं वर ओढतात. भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी येणार हे त्या गावाला शेकडो वर्षं माहीत आहे, आम्हाला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

परतल्यावर त्या सहकाऱ्याला नवऱ्यानं जरा घुश्शातच विचारलं. तेव्हा कळलं, तो फक्त उत्तरेकडचं हनोई आणि ‘हा लाँग बे’ ही खडकांनी भरलेली खाडी करून आला होता. उत्तरेत नोव्हेंबर खरंच मस्त असतो. सल्ला शंभर टक्के खरा होता, पण तो ज्या गावाचा होता तिथं आम्ही गेलोच नव्हतो.

पुढं एप्रिल २०२५ मध्ये मी परत गेले. मुलाची परीक्षा होती म्हणून बाप-लेक घरी, आणि मी, सासूबाई व नणंद अशा तिघी. या वेळी पंधरा-वीस लोकांना विचारलं, पण विचारायची रीत बदलली. तीच इथं मांडते. उदाहरणं व्हिएतनामची आहेत कारण ते मला ठाऊक आहे, आणि सध्या आपल्याकडची दर तिसरी बिल्डिंग तिकडं निघालेली दिसते.

आधी आपलीच चौकशी

दुसऱ्याला फोन लावायच्या आधी घरात कागद घेऊन बसा. कोण कोण येणार, त्यातल्या सगळ्यात कमी चालणाऱ्या माणसाला सलग किती चालवतं, कोण काय खात नाही, किती रात्री मोकळ्या आहेत. ‘किती दिवस’ असं लिहू नका, रात्रीच लिहा. आठ दिवसांच्या सहलीत जाता-येता दोन दिवस विमानतळांवर जातात.

सासूबाईंच्या बाबतीत मी थेट हिशेब मांडला. पर्वतीच्या पायऱ्या शंभरेक. तेवढ्या त्या थांबत थांबत चढतात, उतरताना गुडघा धरतात. हे एकदा लिहून ठेवलं की निन्ह बिन्हजवळच्या मुआ गुहेचे फोटो कितीही मोहक असले तरी निर्णय आपोआप होतो, कारण तिथं जवळजवळ पाचशे पायऱ्या आहेत. म्हणजे एका दमात पाच वेळा पर्वती. मी आणि नणंद चढलो, वरून भाताच्या खाचरांतून वळत जाणारी नदी पाहिली. सासूबाई खाली सावलीत शहाळं पीत बसल्या आणि मजेत होत्या.

विचारायचं काय

‘कसं झालं?’ हा प्रश्नच टाकू नका. लाखभर रुपये खर्चून आलेला माणूस ‘मस्त’ याशिवाय दुसरं काय म्हणणार? त्याऐवजी तारखेपासून सुरुवात करा. कुठल्या तारखेला, कुठल्या गावात, किती रात्री? एवढं नीट विचारलं असतं तर आमचे बूट वाचले असते. मग सोबत कोण होतं ते. नवरा-बायको दोघंच बाईक भाड्यानं घेऊन फिरले असतील तर त्यांचं ‘सगळं जवळजवळ आहे’ हे तुमच्या आईच्या उपयोगाचं नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात लाडका: परत गेलात तर काय गाळाल? यावर माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग खरं बोलायला लागतो. ‘हा लाँगची एका दिवसाची सहल,’ असं मला तिघांनी सांगितलं. कारण हनोईहून बसनं जायला अडीच तास, यायला अडीच तास, आणि बोटीवर घाईघाईत जेवण. एक रात्र बोटीवर राहिलेले मात्र सगळे खूश होते. जागा तीच, वेळ वेगळी.

पैशांबद्दल बोलताना एकच आकडा ऐकून घेऊ नका. ‘दीड लाखात झालं’ म्हणजे एकाचं की दोघांचं? विमान धरून? देशातली विमानं धरून? दुपारची जेवणं? टूर कंपनीकडून गेला असाल तर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या बिलावर कंपनी आधीच वसूल करते तो कर, त्यात होता का? तो कर आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच. माझी नणंद बँकेत आहे. ती लोकांना सरळ म्हणते, ‘दादा, रक्कम नको, खर्चाची वही दाखवा.’ निम्मे दाखवतात. बाकीचे निम्मे विषय बदलतात, आणि तेव्हा काय समजायचं ते समजायचं.

महिना हा देशाचा नसतो, गावाचा असतो

व्हिएतनाम नकाशात उभा, लांबुडका. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सरळ रेषेत १,६०० किलोमीटरच्या वर. त्यामुळे एकाच दिवशी हनोईत स्वेटर, ह्युएमध्ये छत्री आणि हो चि मिन्ह सिटीत घामाच्या धारा, असं होऊ शकतं.

आपल्या सुट्ट्या तीन: दिवाळी, नाताळ आणि मे. दिवाळीत उत्तर भाग उत्तम, दक्षिणेत पाऊस ओसरत आलेला, पण ह्युए, दा नांग, होई आन या मधल्या पट्ट्याला पुराचा धोका. तो पट्टा गाळा नाहीतर सहलीचा विमा आणि लवचिक बुकिंग ठेवा. नाताळात दक्षिणेत कोरडी, सुखाची हवा. हनोईत गारठा, आणि हा लाँगवर धुकं पडलं तर खडकांच्या नुसत्या सावल्या दिसतात. मला त्या आवडतील, पण निळं पाणी बघायला निघालेला माणूस चिडेल. मे महिन्यात सगळीकडे उकाडा, पण मधल्या किनाऱ्यावर समुद्र छान आणि पाऊस फारसा नाही. फेब्रुवारी-मार्च-एप्रिल हा काळ तिन्ही भागांना बऱ्यापैकी जमतो, फक्त शाळा आडव्या येतात.

यात तीन गोष्टी अजून. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष. ते जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. आपल्या दिवाळीसारखीच गावाकडे जायची झुंबड, गाड्या भरलेल्या, कितीतरी दुकानं बंद. दुसरी, ३० एप्रिल आणि १ मे या लागोपाठच्या सुट्ट्या. देशातलेच लोक किनाऱ्यांवर लोटतात. तिसरी, जुलै ते सप्टेंबर हा उत्तरेकडचा वादळांचा मोसम. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळ हा लाँगच्या किनाऱ्यावरच आदळलं, आणि जुलै २०२५ मध्ये हा लाँग बेमध्ये अचानक आलेल्या वादळात प्रवासी बोट उलटून तीसहून जास्त माणसं गेली. बोट रद्द झाली म्हणून आयोजकाशी भांडू नका, आणि चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठं आहे ते बघून घ्या.

कालनिर्णय बरोबर ठेवा

हा सल्ला मला कुणी दिला नाही, तो आमचा शोध आहे.

होई आनमध्ये दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कागदी-रेशमी कंदिलांच्या उजेडात गाव उभं राहतं. तारीख शोधायला लोक कुठंकुठं भटकतात. पण चांद्र महिना अमावस्येपासून मोजायचा आहे, म्हणजे चौदावी रात्र ही आपल्या शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास आली. सासूबाईंनी कालनिर्णय उघडलं, बोट ठेवलं: ११ एप्रिल, हनुमान जयंतीची आदली रात्र. इंटरनेटवर पडताळलं तर अचूक. त्या तारखेभोवती सगळी सहल विणली.

दुसरा फायदा जेवणाचा. व्हिएतनामी बौद्ध घरांतून चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. आपल्या हिशेबात अमावस्या आणि पौर्णिमा, फार तर एखादा दिवस मागेपुढे. त्या दिवशी एरवी डुकराचं मांस शिजवणाऱ्या टपऱ्याही शाकाहारी पाटी लावतात. १२ एप्रिलला सासूबाईंनी बाजारातल्या स्टुलावर बसून पोटभर जेवण केलं, आणि ‘यांच्याकडे पण पौर्णिमा पाळतात’ हे घरी फोन करून तीन जणांना सांगितलं.

‘चाय’ म्हणा

शाकाहाराला तिकडं ‘चाय’ म्हणतात. हो, अगदी आपल्या हिंदीतल्या चहासारखं ऐकू येतं. ‘तोय अन चाय’ म्हणजे मी शाकाहारी खाते. पाटीवर ‘कॉम चाय’ दिसलं की शाकाहारी भाताचं हॉटेल. रोमन लिपीत लिहिलेलं असतं, शोधायला सोपं. शुद्ध बौद्ध चाय हॉटेलात बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे काही जैन मंडळींनाही ते चालून जातं. तरी सांगून खात्री करा.

साध्या हॉटेलात मात्र सावध. ‘व्हेज’ म्हटलं की वरचं मांस काढून देतात, खालचा रस्सा हाडांचाच. फोचा, म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या शेवयांचा, वाडगा कितीही निरागस दिसला तरी त्यातलं पाणी तासन्‌तास हाडं उकळून केलेलं असतं. आणि ‘नुअक माम’ नावाचा माशांचा आंबवलेला रस त्यांच्या स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखा सगळीकडे असतो. परतलेल्या पालेभाजीतही. म्हणून नुसतं ‘मीट नको’ म्हणून भागत नाही, ‘नुअक माम नको’ हे वेगळं सांगावं लागतं. फोनवर व्हिएतनामी भाषेत ओळ लिहून ठेवा आणि दाखवा.

आणखी एक गंमत. चाय हॉटेलात सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून हुबेहूब कोंबडीची तंगडी, मासा, कोळंबी करतात. त्या बाजारातल्या बाईनं सासूबाईंच्या भातावर अशीच एक तंगडी ठेवली. सासूबाईंनी बशी ढकलली, उठून उभ्याच राहिल्या. बाईला क्षणात कळलं. रोजचा अनुभव असावा. तिनं हसत हसत तुकडा मोडला, आत कापसासारखा पांढरा सोयाचा थर आणि मधोमध हाडाच्या जागी गवती चहाची काडी. सासूबाईंनी वास घेतला, जराशी चव घेतली, सगळं संपवलं आणि मग म्हणाल्या, ‘खायचंच नाही तर इतकं हुबेहूब करायचं कशाला?’

घरून काय न्यायचं याबद्दल लोक थेपले, खाकरे, भडंग सांगतात. चांगलंच आहे. पण माझं मत मेतकूट. देश भातखाऊ आहे, ‘कॉम ट्रांग’ म्हणजे साधा पांढरा भात कुठंही, केव्हाही मिळतो. वाफाळता भात, मेतकूट आणि छोट्या बरणीतलं तूप. दमलेल्या रात्री याच्यापुढे सगळी हॉटेलं फिकी. बरणी मोठ्या बॅगेत टाका, केबिन बॅगेत नको.

खाणाऱ्यांसाठी दोन शब्द. बान्ह सेओ हे तांदळाच्या पिठाचं, हळद घातलेलं, तव्यावर चुरचुरणारं धिरडं, आपल्या घावनाचं चुलत भावंड. नेहमीचं डुकराचं मांस आणि कोळंबी घालून असतं, चाय हॉटेलात अळंब्यांचं मिळतं. हनोईत अंड्याची कॉफी प्या. १९४६ मध्ये, दूध मिळेना तेव्हा अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घालायची युक्ती निघाली, ती आजवर टिकली आहे. चव कॉफीपेक्षा गोड पदार्थाच्या जवळची. मला एक कप पुरला, नणंदेनं तीन दिवसांत पाच प्यायले.

सल्ल्याचं वय बघा

हनोईतल्या रेल्वे गल्लीचं उदाहरण घ्या. दोन्ही बाजूंच्या घरांना घासून आगगाडी जाते, रुळांशेजारी बसून कॉफी प्यायची. आम्हाला सात जणांनी सुचवलं. पण २०१९ पासून तिथले कॅफे प्रशासनानं वारंवार बंद केले, परत हळूच उघडले, परत अडथळे लावले. तुमच्या मित्राचा फोटो कुठल्या टप्प्यातला आहे यावर सगळं अवलंबून. आम्ही गेलो त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभा होता, आम्ही मुकाट्यानं वळलो.

पत्त्यांचंही तसंच. १ जुलै २०२५ पासून त्यांनी ६३ प्रांत आणि महानगरांची संख्या ३४ वर आणली आणि जिल्हा हा मधला स्तरच काढून टाकला. होई आन आता दा नांग शहराच्या हद्दीत येतं. जुन्या यादीतला पत्ता नकाशात सापडला नाही तर गोंधळून जाऊ नका, दुकानाच्या नावानं शोधा.

आणि काही गोष्टींना वय नसतंच, कारण त्यांना जन्मतारीखच नसते. व्हिएतनामला निघालात की पहिल्या दोन दिवसांत तो निरोप तुमच्या फोनवर येणारच: व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे सांगितलं, आम्ही शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून अमेरिकेला हरवलं. मला चौघांनी पाठवला. कोणते राष्ट्राध्यक्ष, कधी, कुठं म्हणाले, हे एकालाही सांगता आलं नाही. महाराजांना मोठं करायला अशा निरोपाची गरज नाही. पण माझा मुद्दा सहलीचा आहे: ज्या सल्ल्याला नाव-गाव-तारीख नाही, तो कितीही गोड वाटला तरी त्यावर तिकीट काढू नये.

ज्याला नाव-गाव-तारीख आहे असा आपल्याशी जोडणारा दुवा मात्र होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. त्या जागेचं नाव ‘मी सन’. इंग्रजी अक्षरांवरून आपण ‘माय सन’ वाचतो. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली शिवमंदिरं, विटांची, आणि विटांमधला सांधा डोळ्यांना दिसत नाही असा. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत त्यातली बरीच कोसळली. पुढं भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथं जीर्णोद्धाराचं काम केलं, आणि त्या कामातच मे २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. आमच्या परिचयातल्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमात ‘मी सन’ नव्हतं, त्याऐवजी दा नांगजवळचं बा ना हिल्स हे डोंगरावरचं करमणुकीचं ठिकाण होतं. ‘मी सन’ला सकाळी आठच्या आत पोचा, नंतर विटा तापतात. सासूबाईंनी त्या अर्ध्या पडलेल्या गाभाऱ्यापुढे चपला काढल्या. ‘पूजा नसली म्हणून काय झालं?’

व्हिसा, विमान, पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे, भरभर उरकते. मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत, पाचेक तास. घड्याळ आपल्यापुढे दीड तास. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. शोधलं की वर दलालांची तशीच दिसणारी पानं येतात, ती दुप्पट-तिप्पट घेतात. कामाचे तीन दिवस सांगतात, तुम्ही पंधरा धरा. पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवशी सहा महिने उरलेली हवी.

आपल्या नावांचा घोळ इथं होतो. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, यांपैकी पासपोर्टच्या कुठल्या रकान्यात काय आहे ते बघून अक्षर न्‌ अक्षर तसंच भरा. नणंदेच्या अर्जात मी तिच्या वडिलांच्या नावातला एक ‘एच’ खाल्ला. व्हिसा आला, चूक दिसली, परत अर्ज, परत २५ डॉलर, आधीचे गेले ते गेलेच. तिनं ते वहीत माझ्या नावावर लिहिले आहेत.

डोंग या तिथल्या चलनात शून्यांची रेलचेल. आम्ही गेलो तेव्हा, एप्रिल २०२५ मध्ये, १,००,००० डोंग म्हणजे साधारण ३३० रुपये होते. मनातल्या मनात करायचं तर शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला सव्वातीननं गुणा. खरा धोका नोटांच्या रंगात आहे. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर, दोन्हींवर त्यांचे नेते हो चि मिन्ह यांचा चेहरा. एक सुमारे ६५ रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वर. अंधाऱ्या टॅक्सीत चूक सहज होते. २०,००० च्या मागं होई आनचा छपराचा जपानी पूल आहे, ही खूण लक्षात ठेवा. आम्ही ५,००,००० च्या नोटा वेगळ्या पाकिटातच ठेवल्या होत्या, आणि टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप वापरलं, म्हणजे भाडं आधीच पडद्यावर दिसतं, घासाघीस नाही.

पळू नका

सात दिवसांत हनोई, सापा, हा लाँग, ह्युए, दा नांग, होई आन, हो चि मिन्ह सिटी असा कार्यक्रम कुणी दाखवला तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. आठ-नऊ रात्रींत देशाचे दोन तुकडे पुरतात. आमचे दोन: हनोई-निन्ह बिन्ह चार रात्री आणि दा नांग-होई आन पाच. मध्ये विमान, सव्वा तासाचं. हनोई ते सायगाव (म्हणजे हो चि मिन्ह सिटीच) रेल्वे १,७२६ किलोमीटर आहे, तीसहून जास्त तास लागतात. ती सगळी करण्यात अर्थ नाही, पण ह्युए ते दा नांग हा तीनेक तासांचा टप्पा जरूर करा. हाय वान खिंडीजवळ गाडी समुद्राच्या कडेकडेनं जाते. दा नांगकडे जाताना डाव्या हाताला बसा.

हा लाँग ऐवजी निन्ह बिन्ह निवडलं त्याचा पश्चात्ताप नाही. तसेच चुनखडीचे कडे, फक्त समुद्राऐवजी नदी आणि भातशेती. तिथल्या ताम कॉकला नावाडी बायका मागं रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात, हातांनी फोन बघत असतात. बा ना हिल्सला मात्र आमच्यात मतभेद आहेत. दोन प्रचंड हातांनी धरलेला तो सोनेरी पूल २०१८ चा. तिकीट महाग, गर्दी दादरच्या पुलासारखी, वर खोटं फ्रेंच गाव. मी जाऊ नका म्हणेन. सासूबाईंच्या मते संपूर्ण सहलीतली ती सर्वोत्तम गोष्ट, कारण जवळजवळ सहा किलोमीटर केबल कारमध्ये बसून ढगांतून जाता आलं आणि गुडघा एकदाही दुखला नाही. आता सांगा, कुणाचं ऐकाल?

रस्ता ओलांडायची एक रीत आहे, ती पहिल्याच सकाळी शिकावी लागते. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. सावकाश, एका लयीत चालत राहायचं, मध्येच थांबायचं नाही, मागं फिरायचं नाही. चालक तुमचा वेग बघून बाजूनं जातात. बिचकलात की त्यांचा अंदाज चुकतो. आम्ही तिघी हात धरून, सासूबाई मध्ये. तिसऱ्या दिवशी त्या पुढं निघून गेल्या होत्या.

होई आनमध्ये कपडे शिवायचे असतील तर पहिल्याच दिवशी माप द्या. एका दिवसात शिवून देतात हे खरं, पण दोनदा घालून बघितल्याशिवाय खांदा बसत नाही.

परत आल्यावर

आता तुम्हाला विचारायला लोक येतील. पहिल्या आठवड्यातच एक कागद लिहून काढा. महिन्यानं सगळंच ‘मस्त’ होऊन जातं, पायाचे फोड विसरतात. वर तारखा, गावं, सोबत कोण, वय किती. किमतींपुढे महिना-वर्ष. जे गाळलंत ते आणि का गाळलंत ते. स्वतःची फजिती लिहायला लाजू नका, घेणाऱ्याला तीच सर्वांत उपयोगी पडते. माझ्या कागदावर ‘एच’ची ओळ लाल शाईत आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांची बहीण पुढच्या मार्चमध्ये निघाल्या तेव्हा मी त्या कागदाची झेरॉक्स दिली. ‘काकू, हे आमचं आहे, तुमचं तुम्ही ठरवा,’ असं बजावून. त्या आल्या आणि कागद परत दिला. समासात त्यांच्या बारीक अक्षरात भर पडली होती:

‘मेतकूट पुरलं नाही, दुप्पट न्या. गाडीत डावी बाजू बरोबर, पण खिडकीची काच मळकी होती, पुसायला फडकं ठेवा. बा ना हिल्स: आम्हाला सासूबाईंचं पटलं.’